डावखुरा टाका

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, तेल आणि ग्रीसच्या वासात, त्याची तीस वर्षं गेली. ओळखीचे लोक त्याला ‘वरखाली’ म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. “दिशा दोनच,” तो म्हणायचा, “बाकीच्या पायी चालणाऱ्यांनी उगाच काढल्यात.”

मी तेव्हा मामा-मामींकडेच राहायचे. माझं ऑफिस तिथून जवळ होतं, आणि त्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला असल्यामुळे त्याची खोली रिकामीच असायची. म्हणून पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे.

मामा चौपन्न वर्षांचा असताना एका सोमवारी सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून ब्रश पडला. उचलायला गेला, तर हात हलेना. अर्धांगाचा झटका होता, उजव्या बाजूला. दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून जीव वाचला. बोलणं पहिल्यासारखं राहिलं, पाय महिन्याभरात चालता झाला. हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत राहिला.

ज्या माणसाने अंधारात, नुसत्या बोटांनी चाचपून नट-बोल्ट काढले, त्याच्या शर्टाची बटणं आता मामी लावायची. रोज सकाळी ती समोर उभी राहायची, वरच्या बटणापासून सुरुवात करायची आणि बाजारभाव, शेजारीपाजारी, कुणाकुणाची लग्नं, काय वाटेल ते बोलत राहायची. बोलायचं थांबलं तर मामाला लाज वाटेल, एवढं तिला कळत होतं. मामा भिंतीकडे बघत असायचा.

फिजिओथेरपीच्या बाईंनी रबरी चेंडू दिला होता, दाबायला. दोन दिवसांनी तो कपाटामागे सापडला.

“मी काय कुत्र्याचं पिल्लू आहे, चेंडू खेळायला?” मामा म्हणाला.

वाटाणे दिले निवडायला, तर ते जमिनीवर. मामीने हात टेकले. आणि तेव्हा वरच्या मजल्यावरून भूगोलाच्या बाई खाली आल्या.

भूगोलाच्या बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या. त्यांच्या हातात त्यांच्या मिस्टरांचा कोट होता. मिस्टरांना जाऊन सहा वर्षं झाली होती. करड्या लोकरीचा, जाड, गुडघ्याच्या थोडा वर येणारा, कोपरांवर विरलेला आणि एका खिशाशी फाटलेला.

“याचं अस्तर उसवून द्या मला,” त्या मामाला म्हणाल्या. “वरच्या कापडाची खुर्चीची गादी करायचीय. माझे डोळे आता चालत नाहीत.”

“बाई, माझा हात चालत नाही.”

“डावा आहे ना? आणि मला घाई नाही.” असं म्हणून त्या कोट मामाच्या मांडीवर ठेवून निघूनच गेल्या. चहालाही थांबल्या नाहीत. मामीने त्यांना आधी काही सांगितलं होतं का, हे मी पुढे कितीदा विचारलं. दोघींपैकी एकीनेही कबूल केलं नाही.

दुसऱ्याच्या नवऱ्याचा कोट कपाटामागे टाकता येत नाही. तीन दिवस तो खुर्चीवर पडून होता. चौथ्या दिवशी मामाने माझ्याकडे टाके उसवायचं हत्यार मागितलं. फिजिओच्या बाईंना कळल्यावर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, “उजव्या हाताने कापड धरायचं, डाव्याने उसवायचं. पकड सुटली की पुन्हा धरायचं. किती उसवलं ते बघू नका, किती वेळा धरलं ते बघा.”

पहिल्या दिवशी बोटभर उसवलं. उजवा हात पन्नास वेळा तरी घसरला असेल. पण टाका म्हणजे काही वाटाणा नव्हे. एक सुटला की दुसरा दिसतो, आणि दुसरा दिसला की सोडवत नाही. मामाच्या यंत्रात रमणाऱ्या डोक्याला ती गोष्ट चिकटली. अकरा आठवडे लागले. अकराव्या आठवड्यात एका रविवारी अस्तर पूर्ण सुटलं आणि मामाने मला हाक मारली. आजारपणानंतर इतक्या मोठ्याने त्याने पहिल्यांदाच कोणाला हाक मारली असेल.

“हे बघ. हे बघ आत काय आहे!”

कोटाच्या पोटात कॅनव्हासचा एक जाड थर होता, छातीपासून कॉलरपर्यंत गेलेला. त्यावर हाताने घातलेले बारीक तिरके टाके होते, शेकड्यांनी, ओळीने, तांदळाच्या दाण्याएवढे. कॉलर जिथे वळते तिथे ते आणखी दाट झाले होते. म्हणूनच ती कॉलर इतकी वर्षं जशी वळायला हवी तशीच वळत होती.

“लिफ्टमध्ये लोक आरसा बघतात,” मामा म्हणाला, “वरचा दोर आणि चाकं कोणी बघत नाही. सगळं चालतं मात्र त्यांच्यावर. हे तसंच आहे. आणि बायकोच्या साडीवरसुद्धा सापडणार नाही असं बारीक काम कुणीतरी आत घालून, वरून झाकून टाकलंय. सही नाही, काही नाही!”

“साडीचं काय मध्येच?” मामी स्वयंपाकघरातून म्हणाली. मामा हसला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

त्याच संध्याकाळी तो जिना चढून वर गेला आणि भूगोलाच्या बाईंना म्हणाला, “गादी करू नका. मी हा परत शिवून देतो.”

“तुम्ही?”

“मी.”

“बरं. पण मग मला देऊ नका, तुम्हीच घाला. आणि घालून मला दाखवा.”

मामा शिवायला लागला ते डाव्या हाताने. सुई मी ओवून द्यायचे. कापड उजव्या हाताखाली दाबून धरायचा. सुरुवातीचे टाके असे होते की जणू एखादा मुंगळा शाईत बुडून चालत गेलाय. उसवायचा, पुन्हा घालायचा. खिसा रफू करायला शेजारच्या गल्लीतल्या रफूवाल्याकडे चार दिवस जाऊन बसला, नुसता बघत. कोपरांना त्याच कोटाच्या आतल्या जादा कापडाचे तुकडे लावले. हिवाळा संपत आला तेव्हा कोट तयार झाला.

मामा तो घालून वर गेला. भूगोलाच्या बाईंनी दार उघडलं. चष्मा काढून पुसला.

“आमचे हे असे वाकून चालायचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “सरळ उभे राहा.”

मामा सरळ झाला. पुढेही तो कोट अंगात असला आणि जिन्यात पावलं वाजली की तो आपोआप ताठ व्हायचा. फिजिओच्या बाईंनी विचारलंसुद्धा, पाठीला काही नवीन व्यायाम चालू आहे का.

याच कोटात त्याला एक गोष्ट सापडली. खालच्या कडेला, मागच्या बाजूच्या फटीशी, मूळची थोडी तुरपाई त्याने उसवली नव्हती. एके दिवशी प्रकाशात धरून बघताना त्याच्या लक्षात आलं की ते जुने टाके आणि त्याचे स्वतःचे टाके एकाच बाजूला कलतायत. कपाटातून मामीचा परकर काढला, पडदे काढले, माझा स्कर्ट काढला. सगळीकडे तुरपाईचे टाके उलट बाजूला कललेले.

“डावखुरा!” मामा ओरडला. “ज्याने हा शिवला तो डावखुरा होता!”

झालं. त्यानंतर मामाला जुन्या कपड्यांचं वेडच लागलं. दर रविवारी मैदानावर जुना बाजार भरायचा, तिथे तो सकाळीच हजर. बाकीची गिऱ्हाइकं कोट अंगाला लावून आरशात बघायची, मामा कोट उलटा करून आत डोकं घालायचा. विक्रेते त्याला ‘उलटे साहेब’ म्हणायला लागले. वरखालीचा उलटा झाला, म्हणून मी चिडवलं, तर म्हणाला, “बढती आहे ती.”

कंपनीने त्याला कामावर परत घेतलं होतं, आता तक्रारींचे फोन घ्यायला. तिथे तो रोज वेगळा कोट घालून जायचा. तपकिरी चौकडीचा, ज्याची बाही वाळवीने खाल्ल्यासारखी होती ती त्याने सहा आठवडे रफू केली. निळा, दोन ओळी बटणांचा, कुठल्यातरी बँडवाल्याचा असावा. धुण्याच्या खोलीत कायम एखादा कोट टबात नाहीतर टॉवेलवर आडवा पसरलेला. लोकर कधी टांगून वाळवायची नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ झालं. मामी कुरकुरायची, “घरात माणसं तीन आणि कोट चौदा!” पण रविवारी बाजारात तीही बरोबर जायची, आणि कसर लागलेला कोट लांबूनच ओळखायची.

वर्षभरात तोच डावा हात मामाला आणखी दोन कोटांत सापडला. एक पुरुषाचा काळा. दुसरा बायकांचा, गर्द वांगी रंगाचा, मोठ्या कॉलरचा, अस्तर ठिकठिकाणी जीर्ण झालेलं, पण वरची लोकर अशी की हात फिरवतच राहावा. कलणारी तुरपाई तीच. शिवाय प्रत्येक काजाच्या टोकाला एक जादा बारीक गाठ, तिन्हींमध्ये. आणि तिन्हींच्या आतल्या खिशावर एकाच दुकानाची चिठ्ठी.

मामा सुट्टी काढून तिथे गेला. मला बरोबर नेलं. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकत होते. पण शेजारी एक म्हातारे चष्मेवाले होते, ते चाळीस वर्षं तिथेच.

“मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली,” ते म्हणाले. “भला माणूस.”

“ते डावखुरे होते?”

“मास्तर? छे! हां, पण मागच्या खोलीत बायका बसायच्या ना आतलं काम करायला, त्यांच्यात होती एक. डावरी म्हणायचे तिला. कॉलरचं काम मास्तर दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.” मग त्यांनी जुनी वही काढली, कारण तिचे चष्मे त्यांच्याकडूनच जायचे. “आहे की. मुलाकडे असते. मागच्या वर्षी नंबर बदलून नेला.”

पुलाच्या पलीकडे, चौथा मजला. लिफ्ट होती. दार बंद होताना मामाने कान दिला आणि म्हणाला, “ब्रेकचं अस्तर गेलंय.” मी म्हटलं, आज एका अस्तराचंच बघू.

सुनेने दार उघडलं. खिडकीशी एक बारीक, वाळक्या अंगाच्या बाई बसल्या होत्या, त्र्याऐंशी वर्षांच्या, जाड भिंगाचा चष्मा. मामाने काही प्रस्तावना केली नाही. करडा कोट अंगातून काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी चष्मा काढूनच ठेवला. बोटं कॉलरखाली गेली, मग कडेने खाली, मग एका काजाशी थांबली. अंगठ्याने ती गाठ दाबून बघितली. 

“हे माझं आहे,” त्या म्हणाल्या.

मग बोटं आणखी पुढे गेली, आणि कपाळाला आठी पडली. “आणि हे कोणी केलंय? हे वाईट आहे.”

“मी, मावशी,” मामा म्हणाला.

“दोरा ओढतोस कशाला इतका? कापड गळफास घेतंय. पण...” पुन्हा बोटं फिरली. “डावखुरा आहेस की तू.”

“नव्हतो. झालो.”

मग मामाने सगळं सांगितलं. ब्रश पडला तिथपासून. अकरा आठवडे, तो कॅनव्हास, ते टाके. शेवटी म्हणाला, “मावशी, दोन वर्षं मी तुमचे आभार मानतोय, फक्त पत्ता नव्हता. तुमच्या टाक्यांनी माझा हात मला परत दिला.”

“हात तुझा, टाके माझे. मी काय परत दिलं?” त्या म्हणाल्या. पण चेहरा खिडकीकडे वळवला. तिकडेच बघत बोलल्या, “तीन दुकानांनी मला घालवून दिलं होतं. डाव्या हाताचं काम नको म्हणून. मास्तरांनी माझी तुरपाई बघितली आणि म्हणाले, कापडाला हात दिसत नाही. उद्यापासून या. देव त्यांचं भलं करो.” मग म्हणाल्या, “एकतीस वर्षं केलं. आतलं काम. आतलं कोण बघतं?”

“मी बघितलं,” मामा म्हणाला.

सून चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून तशीच उभी राहिली. तिने नंतर मला सांगितलं, सासूबाई दुकानात बटणं लावायच्या एवढंच तिला माहीत होतं.

त्यानंतर दर गुरुवारी मामा तिकडे जायला लागला. शिकायला. दुसऱ्याच गुरुवारी त्याने वांगी कोट नेला आणि जरा अडखळत म्हणाला, “मावशी, हा तुमच्यासाठी. मी नीट करून देतो. तुम्ही दुसऱ्यांचे शिवलेत, स्वतः कधी घातला नसेल.”

“नाही घातला,” मावशी म्हणाल्या. “आणि घालायचाही नाही. मी घातला तर मला दिसणार कसा?”

मामा कोटाची घडी घालायला लागला.

“तुझ्या शर्टाची बटणं कोण लावतं रे?” त्यांनी विचारलं.

“लावायची. बायको. आता माझी मी लावतो.”

“किती दिवस लावली?”

“दीड वर्ष.”

“मग तिला काय शिवलंस?”

मामाने घरी येऊन कपाट उघडलं. चौदा कोट होते कपाटात, आणि त्यांतला एकही मामीच्या मापाचा नव्हता. जेवताना म्हणाला, “अगं, गुरुवारी तू चल माझ्याबरोबर. मावशींनी बोलावलंय.”

मामी आयुष्यभर तयार कपडे घालत आलेली. अंगाने भरलेली, त्यामुळे जे होतं ते घ्यायचं आणि लांब असेल तर खाली दुमडायचं, एवढंच तिला माहीत. मावशींनी तिला पाटावर उभं केलं. टेप घेतली नाही. वितीने आणि बोटांनी मोजलं, खांद्यावरून, कंबरेवरून, दंडावरून. मामी अंग चोरून उभी.

“पोट आत घेऊ नका,” मावशी म्हणाल्या. “कोट तुमच्यासाठी आहे, तुम्ही कोटासाठी नाही.”

मामी एकदम हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. “असं कोणी मोजलं नव्हतं मला,” ती म्हणाली.

पाच महिने लागले. वांगी कोट लांबीला पुरेसा होता, पण बाजूंना सैल करायचा, खांदे उतरवायचे, अस्तर सगळं नवं. मावशी सांगायच्या, मामा करायचा. मावशींना दिसत कमी होतं, पण बोटं खोटं ऐकत नसत. एकच बाही तीनदा काढायला लावली. मामा घरी येऊन म्हणायचा, “आमच्या कंपनीत असत्या तर एकही लिफ्ट बंद पडली नसती.” कॉलरला मात्र त्या त्याला हात लावू देत नव्हत्या. शेवटच्या महिन्यात एका गुरुवारी त्यांनी सुई त्याच्यापुढे धरली आणि म्हणाल्या, “हं. आता तू कर कॉलर.” मामाने मला ते सांगितलं तेव्हा त्याचा आवाज असा होता की जणू मुलगा परीक्षेत पहिला आलाय.

कोट पूर्ण झाला त्या रविवारी मामीने तो घातला आणि मामाने समोर उभं राहून बटणं लावून दिली, दोन्ही हातांनी. उजवा हात हळू चालत होता, शेवटच्या बटणाला जरा अडला. मामी थांबली. या वेळी ती बाजारभावाबद्दल काही बोलली नाही. मामा तिच्याकडे बघत होता आणि म्हणाला, “तू लावायचीस तेव्हा थँक्यू म्हणायला हवं होतं. रोज म्हणायला हवं होतं.” मामी म्हणाली, “चला आता, मावशी वाट बघत असतील.” पण जिन्यात तिने त्याचा उजवा हात धरला तो खालपर्यंत सोडला नाही.

मावशींना घेऊन आम्ही मुख्य रस्त्यावर फिरायला गेलो. थंडी होती, ऊन होतं. मावशी मामीचं कोपर धरून चालत होत्या आणि दर दहा पावलांना म्हणत होत्या, “जरा पुढे जा. मागून बघू दे.” मामी पुढे जायची, वळायची, परत यायची. लोक बघत होते. एका बसथांब्याशी एक तरुण मुलगी थांबली आणि मामीला म्हणाली, “काकू, किती सुंदर आहे हा! कुठून घेतलात?”

मामी गोंधळली. मग मावशींना पुढे करून म्हणाली, “यांनी शिवलाय.”

मुलीला ते खरं वाटलं नसावं. मावशी म्हणाल्या, “अहो, उघडा तो. आत दाखवा तिला.”

“इथे? रस्त्यात?”

“उघडा.”

मामीने बटणं काढली आणि भर रस्त्यात, थंडीत, दोन्ही हातांनी कोट उघडून उभी राहिली. मावशींनी कडेचं अस्तर उचललं, मुलीचं बोट धरून तुरपाईवरून फिरवलं. “हे माझं. तीसेक वर्षांपूर्वीचं असेल. आणि हे,” त्यांनी बोट थोडं पुढे सरकवलं, “हे याचं. आता बरा शिवतो.”

मुलीने खाली वाकून खरंच बघितलं. आणखी एक बाई थांबली, मग पिशवी घेतलेला एक म्हातारा. मामी गारठून गेली होती, तरी कोणालाही घाई करत नव्हती. मुलीची बस आली. चढताना ती वळून मावशींना “थँक्यू” म्हणाली.

बस गेल्यावर मावशींनी मामाला विचारलं, “ती थँक्यू कशाचं म्हणाली?”

“दाखवल्याबद्दल, मावशी.”

“हं,” मावशी म्हणाल्या. मामीने कोपर पुढे केलं, पण त्यांनी ते घेतलं नाही. कोपऱ्यापर्यंत त्या आमच्या पुढे एकट्या चालत गेल्या.